साथीला कोण होतं, ते लिहायला जागा द्या : संगीत वितरण कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
गाणी स्वीकारून ती स्ट्रीमिंग सेवांकडे पोचवणाऱ्या सर्व संगीत वितरण कंपन्यांचे प्रमुख, फॉर्म आखणारे डिझायनर आणि मेटाडेटा (गाण्यासोबतची माहिती) सांभाळणारे विभाग यांस,

सप्रेम नमस्कार.

मैफलीत निवेदक साथीदारांची नावं घेतो. तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, तानपुऱ्यावर कोण, टाळावर कोण. मागे बसून सूर धरणाऱ्या शिष्याचंही नाव घेतलं जातं आणि श्रोते टाळ्या देतात. कॅसेटच्या काळात हीच नावं आतल्या घडीच्या कागदावर बारीक टायपात यायची. आता गाणं तुमच्या फॉर्ममधून जगभर जातं. त्या फॉर्ममध्ये 'मुख्य कलाकार' आणि 'फीचरिंग' या दोन चौकटी ठळक असतात आणि त्यांत न मावणारी माणसं वाटेतच गळतात.

तुमच्यापैकी अनेकांनी अलीकडे 'सहकलाकार जोडा' अशी सोय दिली आहे, काही जण ती आणण्याच्या तयारीत आहेत. सोय हवीच होती. पण ती पैशांच्या वाटणीसाठी आखली गेली आणि श्रेय तिच्या शेपटीला बांधलं गेलं. वाटा असेल तर नाव, वाटा नसेल तर नाव नाही, असा तिचा परिणाम होतो. हे आम्हाला मान्य नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहोत.

आम्ही मराठी गाण्यांचं ध्वनिमुद्रण, संयोजन, वादन आणि रिलीजची माहिती भरण्याचं काम करतो. नावाचा प्रश्न आमच्यासाठी शोभेचा नाही. वादकाला पुढचं काम मिळतं ते आधीच्या कामावरच्या नावामुळे. गायक-वादकांसाठी इसाम्रा आणि गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस या संस्था आहेत. त्यांच्याकडे दावा करायचा तर कोणत्या ध्वनिमुद्रणात कोण होतं याची नोंद कुठेतरी असावी लागते. नोंद नसल्यावर काय होतं ते अमेरिकेत दिसलं. तिथल्या २०१८च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या, रचनांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या मेकॅनिकल लायसन्सिंग कलेक्टिव्ह या संस्थेकडे फेब्रुवारी २०२१मध्ये २० डिजिटल सेवांनी मिळून सुमारे ४२.४ कोटी डॉलर जमा केले. गाणी वाजली होती, पैसे बाजूला काढले गेले होते, पण ते कोणाचे हे जुळत नव्हतं.

आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३८बी सादरकर्त्याला स्वतःच्या सादरीकरणावर आपलं नाव असण्याचा हक्क देतं. वापराच्या स्वरूपामुळेच नाव वगळावं लागत असेल, तेवढाच अपवाद आहे. छोट्या रेडिओ जिंगलमध्ये तो अपवाद समजू शकतो. डेटाबेसमध्ये आणखी एक ओळ लिहायला कोणती अडचण आहे? याच कायद्यातली 'सादरकर्ता' या शब्दाची व्याख्याही वाचून पाहा. चित्रपटात ज्याचं सादरीकरण किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीसह कुठेच येत नाही, त्याला बहुतेक बाबतींत सादरकर्ता मानलं जात नाही. ही तरतूद चित्रपटापुरती आहे, पण तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते: नाव न लिहिण्याचा रिवाज पडला की हक्कही पातळ होतो. असा रिवाज आता फॉर्मच्या रचनेमुळे पडतो आहे आणि ती रचना तुमच्या हातात आहे.

आता तक्रारी. पहिली सर्वांत महत्त्वाची आहे, कारण बाकीच्या बऱ्याचशा तिच्यातूनच उगवतात.

तीन गोष्टी एकाच चौकटीत

एक साधं उदाहरण घ्या. अभंगाचं नवं ध्वनिमुद्रण आहे. गायिका एक, पखवाज एक, टाळ दोन, संवादिनी एक, कोरसला चार जण. चाल लावणारा एक, संयोजक एक, ध्वनिमुद्रक एक, मिक्सिंग आणि मास्टरिंग करणारे दोन. ही १४ माणसं झाली, शिवाय रचना संतांची. यांतल्या कोणाचं नाव गाण्याच्या शीर्षकाखाली मोठ्या अक्षरात यायचं, हा झाला झळकणाऱ्या कलाकाराचा प्रश्न. कोणी काय केलं, ही श्रेयाची नोंद. ध्वनिमुद्रणाच्या उत्पन्नातला किती भाग कोणाला, हा वाट्याचा करार. पहिला निर्णय सादरीकरणाचा आहे, दुसरी घडून गेलेली वस्तुस्थिती आहे आणि तिसरा व्यवहार आहे. या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे बदलू शकतात.

'सहकलाकार जोडा'च्या पडद्यावर मात्र नाव, ईमेल आणि टक्केवारी एका ओळीत मागितली जाते. मराठीत बहुसंख्य वादक एकरकमी मानधनावर वाजवतात. त्यांचा वाटा शून्य. शून्य टक्के भरलं की फॉर्म 'किमान १' म्हणतो आणि ओळ जतन होत नाही. मग पखवाजवाला वगळला जातो किंवा त्याचं नाव 'फीचरिंग'मध्ये ढकललं जातं. फीचरिंगमध्ये गेलं की ते शीर्षकाखाली मोठं दिसतं, गायिकेच्या लेबलची हरकत येते आणि शेवटी तेही काढलं जातं. यात फॉर्म भरणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याला नाव लिहायला जागाच दिलेली नसते.

याच गोंधळातून दुसरा जन्मतो. गायिका आणि वादक ध्वनिमुद्रणाला जोडलेले असतात. त्याचा क्रमांक आयएसआरसी, १२ अक्षर-अंकांचा. गीतकार आणि संगीतकार रचनेला जोडलेले असतात. तिचा क्रमांक आयएसडब्ल्यूसी. एका रचनेची दहा ध्वनिमुद्रणं होऊ शकतात, प्रत्येकात वादक वेगळे, गीतकार तोच. दोन्ही प्रकारची माणसं एकाच यादीत टाकली की पुढच्या प्रत्येक ध्वनिमुद्रणाला गीतकाराचं नाव नव्यानं टंकावं लागतं आणि प्रत्येक वेळी ते थोडं वेगळं टंकलं जातं.

आमंत्रण स्वीकारलं नाही म्हणून नाव नाही

वाटा द्यायचा तर खातं उघडणं, पॅन, बँकेचा तपशील हे सगळं मागणं रास्त आहे. कंपनी अमेरिकी असेल तर डब्ल्यू-८बेन हा तिथला कर-फॉर्मही आला. पण हे पैसे देण्यासाठीचे सोपस्कार आहेत. हलगी वाजवणाऱ्यानं ईमेलमधला दुवा उघडला नाही, इंग्रजीतला कर-फॉर्म भरला नाही, म्हणून त्यानं हलगी वाजवली नव्हती असं होत नाही. श्रेय आमंत्रणाच्या प्रतीक्षेत अडकवू नका. आमंत्रणही केवळ ईमेलवर नको. मोबाइल क्रमांक आणि ओटीपी एवढ्यावर, मराठीत, चालायला हवं.

संमतीची गरज कुठे आहे, हेही आम्ही सांगतो. एखाद्या नावाजलेल्या गायकाला 'फीचरिंग' म्हणून परस्पर जोडलं तर ते गाणं त्याच्या पानावर जाऊन बसतं आणि त्याचे श्रोते फसतात. म्हणून मुख्य आणि फीचरिंग या भूमिकांना स्पष्ट मंजुरी हवी. बाकीच्या श्रेयांना सूचना पुरे: तुमचं नाव अमुक गाण्याला अमुक कामासाठी जोडलं आहे, चूक असेल तर कळवा. हरकतीला सात दिवस द्या. हरकत आली तर तेवढीच ओळ थांबवा, संपूर्ण रिलीज नको. आपलं नाव नकोच, असं कोणी म्हटलं तर तेही पाळा.

नावाची लिपी

नाव रोमनमध्ये लिहा, असा तुमचा आग्रह असतो. ज्ञानेश्वर हे नाव रोमनमध्ये 'डी-एन-वाय'नं सुरू होतं, 'जी-वाय'नं होतं, 'जे-एन'नंही होतं. विठ्ठलमध्ये 'टी' एक की दोन, क्षीरसागरमध्ये 'आय' की दोन 'ई', यावर तीन माणसं तीन प्रकारे लिहितात आणि एका कलाकाराची तीन पानं तयार होतात. उलटही घडतं. काळे आणि काले ही दोन आडनावं रोमनमध्ये तंतोतंत एक होतात, कारण तिथे 'ळ' वेगळा राहत नाही. मग एकाचं गाणं दुसऱ्याच्या पानावर जातं.

देवनागरी स्वीकारणाऱ्यांच्या अडचणी आणखी खोल आहेत. कऱ्हाडे हे आडनाव दोन प्रकारे साठवलं जातं. एका कीबोर्डवरून 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, युनिकोड या संगणकी अक्षर-क्रमांकांच्या पद्धतीत यू+०९३१, आणि पुढे हलन्त. दुसऱ्यावरून साधा 'र', हलन्त आणि मागे न दिसणारा जोडक, यू+२००डी. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावं वाटतात. एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करणारं युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरणही ती दोन रूपं एक करत नाही. काही प्रणाली 'न दिसणारी अक्षरं' कचरा समजून झाडून टाकतात, तेव्हा जोडक जातो आणि कऱ्हाडेंचे 'कर्हाडे' होतात. हीच गत 'ॲ'ची. तो यू+०९७२ हे एक चिन्ह असू शकतो किंवा 'अ'वर वेगळी अर्धचंद्राची खूण. गोव्यातल्या आणि वसईतल्या ॲन्थनींना हे विचारून पाहा. नावं जुळवताना ही रूपं एक मानणारा नियम तुम्हालाच लिहावा लागेल, आणि दाखवताना माणसानं जसं लिहिलं तसंच दाखवावं लागेल.

लांबीची मर्यादा बाइटमध्ये मोजू नका. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि मात्रा, हलन्तही मोजले जातात. 'ज्ञानेश्वर' एवढ्यालाच ३० बाइट लागतात. ६४ बाइटच्या चौकटीत २१ चिन्हं बसतात, म्हणजे आडनाव मध्येच तुटतं.

पहिलं नाव आणि आडनाव अशा दोन सक्तीच्या चौकटी हा वेगळाच जाच आहे. अनेक कलाकार एकाच नावानं ओळखले जातात. 'पंडित', 'शाहीर', 'ह.भ.प.' या उपाधी नावाच्या चौकटीत शिरतात आणि बिंदू-मोकळ्या जागांच्या फरकानं नवी पानं जन्माला घालतात. उपाधीला वेगळी जागा द्या आणि जुळणीत ती धरू नका. नावामागचं 'बुवा' किंवा 'ताई' मात्र बहुधा नावाचाच भाग असतो, ते कापू नका. कायदेशीर नाव वेगळं ठेवा आणि ते लोकांना दाखवू नका.

यासाठी नवं मानक शोधायला नको. तुम्ही सेवांकडे ज्या डीडीईएक्स या मानकाच्या संदेशांतून माहिती पाठवता, त्यांतल्या ईआरएन या रिलीज कळवणाऱ्या संदेशाच्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक व्यक्ती एकदाच नोंदवून सगळीकडे तिचा संदर्भ देता येतो आणि तिचं नाव लिपीच्या खुणेसह एकाहून अधिक रूपांत पाठवता येतं. सोय आहे, तुमचा फॉर्म ती वापरत नाही.

'इतर वाद्य' हे वाद्य नाही

भूमिकांच्या यादीत गिटार आठ प्रकारची आणि संबळ नाही, हलगी नाही, दिमडी नाही, तुणतुणं नाही, घुमट नाही, असं चित्र अनेक फॉर्ममध्ये दिसतं. ढोलकी 'ढोलक' होते, आणि ही दोन वाद्यं वेगळी आहेत. पोवाड्यात शाहिराच्या मागे जी-जी करणारे झीलकरी 'बॅकग्राउंड व्होकल' या एका शब्दात विरघळतात. डीडीईएक्सच्या यादीत शब्द नसेल तर स्वतःचा शब्द पाठवायची तरतूद तिथेच आहे. म्हणून यादीबरोबर मोकळी चौकट द्या आणि वाद्य वेगळं, काम वेगळं असे दोन स्तंभ ठेवा. ढोलकी वाजवणं आणि ढोलकीचं तयार लूप जोडणं ही दोन कामं आहेत. लूप जोडणाऱ्यानं 'प्रोग्रॅमिंग' लिहावं. तो वादक म्हणून लागला तर खरा ढोलकीवाला दुहेरी नुकसानीत जातो.

संतरचना आणि 'पारंपरिक'

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या लेखनावर कॉपीराइट असतो. तुकोबांचे अभंग १७व्या शतकातले, ते सर्वांचे आहेत. पण तुमचा फॉर्म गीतकाराचं नाव, आडनाव आणि कधी आयपीआय हा रचनाकाराचा ओळख-क्रमांकही सक्तीनं मागतो. भरणारा अडतो आणि तीनपैकी एक करतो: गायकाचंच नाव गीतकार म्हणून लिहितो, लेबलमालकाचं लिहितो किंवा सगळंच 'पारंपरिक' म्हणून मोकळा होतो. पहिल्या दोन प्रकारांत सर्वांच्या मालकीच्या रचनेवर खोटा मालक बसतो. तिसऱ्यात नवी चाल लावणाऱ्या संगीतकाराचं श्रेय बुडतं, कारण शब्द जुने असले तरी चाल त्याची आहे आणि तिच्यावर त्याचा हक्क आहे. शब्द आणि चाल यांना प्रत्येकी वेगळी 'कॉपीराइटमुक्त' खूण हवी. आणि जुन्या कवीला नाव असतं, तेव्हा 'पारंपरिक'ऐवजी ते नाव लिहिता यायला हवं.

रिलीजनंतर चौकट राखाडी

गाणं प्रसिद्ध झालं की श्रेयाच्या चौकटी बंद होतात. राहिलेलं नाव घालायचं तर गाणं उतरवून पुन्हा चढवा, असं सांगितलं जातं. पुन्हा चढवताना नवा आयएसआरसी पडला तर ऐकण्याचे आकडे आणि प्लेलिस्टमधली जागा जाते. या भीतीनं लेबल दुरुस्ती टाळतं. खरं तर नाव दुरुस्त करायला नवा आयएसआरसी लागतच नाही. आवाज तोच, ध्वनिमुद्रण तेच, म्हणून क्रमांकही तोच. लागतो फक्त बदलाचा संदेश. तो पाठवायचा मार्ग खुला ठेवा, कोणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवा आणि दुरुस्तीला शुल्क लावू नका.

वाटणीचं गणित

हा मुद्दा छोटा आहे, पण भांडणं यावरून होतात. तिघांत समान वाटा टक्क्यांत भरला तर ३३.३३ तीनदा, बेरीज ९९.९९, आणि फॉर्म अडवतो. कोणीतरी ३३.३४ होतो. टक्क्यांऐवजी भाग साठवा, १:१:१, आणि भागाकार पैसे देताना करा. पैशाचा उरलेला अंश टाकून न देता त्या व्यक्तीच्या खात्यात पुढच्या महिन्याकडे ओढा. पडद्यावर ठळक लिहा की ही वाटणी ध्वनिमुद्रणाच्या उत्पन्नाची आहे आणि गीतकार-संगीतकाराची रचनेवरची रॉयल्टी वेगळी आहे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर त्यांना ती समान वाट्याची रॉयल्टी कायदेशीर वारस किंवा कॉपीराइट संस्था यांच्याखेरीज कोणाला सोडून देता येत नाही. 'सर्व रॉयल्टी सोडली' अशी टिचकीची चौकट फॉर्ममध्ये असेल तर ती आजच काढा.

आमच्या मागण्या या क्रमानं आहेत, कारण क्रमही महत्त्वाचा आहे. सर्वांत आधी वाट्याशिवाय श्रेय नोंदवता येऊ द्या. हा एकच बदल केलात तरी सर्वाधिक माणसांची नावं परत येतील. त्यानंतर रिलीजनंतरची दुरुस्ती खुली करा, म्हणजे मागची थकबाकी भरून काढता येईल. मग व्यक्तीची एकच नोंद करा: देवनागरी नाव, रोमन नाव, उपाधी, प्रत्येक सेवेवरच्या पानाचा क्रमांक, आणि असतील तर आयपीआय व आयएसएनआय हा व्यक्तीचा १६ अंकी ओळख-क्रमांक. हे क्रमांक ऐच्छिक असू द्या. ज्याच्याकडे नाहीत तो मागे पडता कामा नये. भूमिका आणि वाद्यांची यादी दुरुस्त करताना वादकांना विचारा.

श्रेयनामावली सक्तीची करा, अशी मागणी आम्ही मुद्दाम करत नाही. सक्तीच्या चौकटीत माणसं अडचणीपोटी काहीही भरतात: 'एन ए', 'सेल्फ', किंवा फॉर्म भरणाऱ्याचं नाव सात भूमिकांना. कोऱ्या जागेपेक्षा खोटी नोंद वाईट, कारण कोरी जागा निदान दिसते. त्याऐवजी रिलीजसमोर 'श्रेयनामावली अपूर्ण' अशी खूण ठेवा आणि ती पूर्ण होईपर्यंत राहू द्या.

आणखी एक. कोणत्या सेवेकडे कोणतं नाव पाठवलं, तिनं काय स्वीकारलं आणि काय गाळलं, हे आम्हाला आज कळत नाही. मास्टरिंग करणाऱ्याचं नाव फॉर्ममध्ये दिसतं आणि श्रोत्याच्या फोनवर दिसत नाही, तेव्हा ते तुमच्याकडे अडलं की पुढे, हे शोधायला मार्ग नसतो. पाठवलेल्या संदेशाची प्रत उतरवून घेता यावी आणि सेवानिहाय तक्ता दिसावा.

उत्तर जाहीर द्या आणि कोणता बदल कोणत्या महिन्यात होणार ते तारखेसह सांगा. तोवर तुमच्याच फॉर्ममध्ये हे भरून पाहा: दोन्ही प्रकारे टंकलेलं 'कऱ्हाडे', दोन्ही प्रकारे टंकलेलं 'ॲन्थनी', 'काळे' आणि 'काले' एकाच गाण्यावर, गीतकार 'संत तुकाराम' आडनावाशिवाय, संबळ वाजवणारा शून्य वाट्याचा आणि ईमेल नसलेला, आणि गाणं प्रसिद्ध झाल्यानंतर दहाव्या दिवशी जोडलेले दोन टाळकरी.

आपले,
मराठी ध्वनिमुद्रणांवर काम करणारे वादक, संयोजक, ध्वनिमुद्रक आणि रिलीजची माहिती भरणारे